कोंबडी रात्री कुठं बसते? घाटावरचं खुराडं, घाटाखालचं खुराडं

(ऑडिओ भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. मापं लिहून घ्यायची असतील त्यांच्यासाठी ती आकड्यांत दिली आहेत.)



आजचा भाग परसातल्या कोंबड्यांवर आहे. खाद्य, लसीकरण, बाजारभाव हे विषय आज बाजूला ठेवू. आज फक्त खुराडं. त्यातही दोनच गोष्टी: कोंबडीनं रात्री बसायचं कशावर, आणि तिला रात्री हवा मिळणार कुठून.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी आख्खा भाग? तर हो. कारण परसातली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, गोठ्यात फिरते, बोरीखाली बसते. दिवसा तिला तुमच्या खुराड्याची फारशी गरजच नसते. खुराडं हे रात्रीचं घर आहे. डिसेंबरात दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत तेरा-एक तास, मे महिन्यात अकरा-एक तास ती आत कोंडलेली असते. या वेळात गरम झालं, कोंदटलं, तर तिला उठून दुसरीकडे जाता येत नाही. दार आपण बाहेरून लावलेलं असतं. आणि अंधारात तिला नीट दिसतही नाही. म्हणजे त्या अकरा-तेरा तासांची जबाबदारी सगळी आपली.

डालगं गेलं, डबा आला

आपल्या आज्या कोंबड्या डालायच्या. बांबूच्या कामट्यांचं डालगं, वर दगड, झालं. त्यात जागा कमी, मांजराची भीती जास्त. पण एक गोष्ट त्यात आपोआप होती: हवा. कामट्यांच्या फटींतून चारही बाजूंनी हवा खेळायची.

आता घरोघरी ‘पक्कं’ खुराडं होतंय. विटांच्या चार भिंती, वर टीन, एक लोखंडी दार. मुंगूस येत नाही, कुत्रं येत नाही, चोर येत नाही. आणि हवाही येत नाही! पक्कं म्हणजे बंद, असा आपला समज झालाय. खरं तर ही दोन वेगळी कामं आहेत. जनावर अडवायचं काम जाळीचं. ऊन-पाऊस अडवायचं काम छपराचं आणि पडद्याचं. भिंतीनं सगळंच अडवायला गेलं की खुराड्याचा डबा होतो. आज जे सांगणार आहे त्याचं सार एवढंच आहे. बाकी सगळं तपशील.

आपला जिल्हा एक, हवा दोन

मोबाइलवर खुराड्याचे व्हिडिओ शोधले की बरेचसे अमेरिकेतले येतात. बर्फ पडतो तिथले. भिंतीत उष्णतारोधक थर घाला, दिवा लावा, कोंबडीचे पाय झाकले जावेत म्हणून रुंद सपाट फळी बसवा. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. आपल्याकडे कोंबडीला रात्री गोठायची नाही, उकडायची भीती जास्त.

त्यातही बुलढाणा जिल्हा एकसारखा नाही. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर. मलकापूर अडीचशेच्या आसपास. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की हवा बदललेली अंगाला कळते. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा हा घाटावरचा भाग. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्यातला. मे महिन्यात घाटाखाली पारा ४५ च्या घरात जातो. डिसेंबर-जानेवारीत घाटावर पहाटे चांगलीच थंडी वाजते. तेव्हा चिखलीच्या मावशीचं खुराडं पाहून नांदुऱ्यात तसंच्या तसं बांधू नका. फरक कुठे करायचा ते पुढे येतंय.

आधी बसायची काठी

कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे जंगलातला रानकोंबडा. तो रात्री झाडावर झोपतो. कोंबडी माणसाच्या दारात येऊन हजारो वर्षं झाली, पण अंधार पडला की उंच चढून बसायची तिची सवय गेलेली नाही. म्हणून गावठी कोंबड्या लिंबाच्या झाडावर नाहीतर गोठ्याच्या आड्यावर जाऊन बसतात. काठी दिली नाही तर त्या जमिनीवर, आपल्याच विष्ठेत, एका कोपऱ्यात एकमेकींवर दाटीनं बसतात. तिथं ओल लागते, पिसं भरतात, आजार धरतो. आणि खालची हवा सगळ्यात घाण असते.

काठी किती लांब? एका कोंबडीला ८ ते १० इंच. दहा कोंबड्या असतील तर साधारण साडेसात-आठ फूट काठी लागते. एकच लांब काठी बसत नसेल तर दोन लावा.

काठी किती जाड? दीड ते दोन इंच. कोंबडी काठी पंज्यानं धरून वर अंगाचा भार टाकते. फार बारीक असेल तर काठी वाकते, पक्षी डुलत राहतो. चौकोनी लाकूड असेल तर वरच्या कडा रंध्यानं गोल करून घ्या. धारदार कडेवर रोज बसून तळपायाला जखम होते आणि पुढे तिथं गाठ येते.

कशाची काठी? लिंबाची, सागाची, निलगिरीची बल्ली चालेल, पण साल काढून. जाड बांबूही चालेल, पण गाठी तासून आणि दोन्ही टोकं मातीनं किंवा सिमेंटनं बंद करून. का ते सांगतो. कोंबडीचे गोचीड दिवसा दिसतच नाहीत. सालीखाली, बांबूच्या पोकळीत, भिंतीच्या भेगेत दडून बसतात. रात्री बाहेर येतात, रक्त पितात, उजाडायच्या आत परत फटीत. कोंबडी दिवसा तपासली तर अंगावर काही सापडत नाही, पण तुरा फिका पडत जातो आणि अंडी कमी होतात. म्हणून काठी खिळ्यानं कायमची ठोकू नका. दोन्ही बाजूंना खाच करा, काठी त्यात नुसती बसवा. महिन्यातून एकदा काढून कडक उन्हात टाकता येते, चुना लावता येतो.

प्लास्टिकचा पाइप नको, पाय घसरतो. लोखंडी पाइप नको, मे महिन्यात तापतो आणि थंडीत गार पडतो.

उंची किती? गिरिराज, वनराज यांसारख्या अंगानं भारी पक्ष्यांना दीड ते दोन फूट पुरे. उंचावरून रोज सकाळी धपकन उड्या मारल्या की पायाला मार बसतो. गावठी कोंबडी हलकी, ती तीन-चार फुटांवरही सहज चढते. दोन्ही जाती एकत्र असतील तर दोन फूट धरा.

भिंतीपासून एक फूट अंतर ठेवा, नाहीतर शेपटी घासते आणि भिंत भरते. दोन काठ्यांमध्ये सव्वा फूट. आणि दोन्ही एकाच उंचीवर. शिडीसारख्या वर-खाली लावल्या की सगळ्यात वरच्या काठीसाठी रोज संध्याकाळी भांडणं. कोंबड्यांत मानपान फार असतो बाप्पा! शिवाय एक काठी बरोबर दुसरीच्या खाली आली तर खालच्या बाईंच्या डोक्यावर वरचीचा प्रसाद.

अंडी घालायची खोकी नेहमी काठीपेक्षा खाली, जमिनीपासून फूटभरावर. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं. खोकं काठीपेक्षा उंच असेल तर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात, तिथंच घाण करतात, आणि सकाळी अंडी भरलेली मिळतात.

नव्या तलंगा काठीवर बसत नाहीत, अशी तक्रार असते. अंधार पडल्यावर त्यांना अलगद उचलून काठीवर ठेवा. अंधारात त्या खाली उतरत नाहीत. चार-पाच रात्री असं केलं की सवय लागते. लहान पिल्लांना मात्र ही घाई नको. त्यांना आधी ऊब लागते. पाच-सहा आठवड्यांनंतर जमिनीपासून वीतभर उंच काठी देऊन सुरुवात करा.

आता हवा

एक अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते. त्यात तीन-चतुर्थांश पाणी. त्यातला मोठा वाटा रात्री, काठीखाली पडतो. वर तिच्या श्वासातून वाफ निघते ती वेगळी. म्हणजे दहा कोंबड्या रात्रभर बंद जागेत ओल तयार करत असतात. त्या ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. डोळे चुरचुरवणारा तो वास म्हणजेच अमोनिया. तो कोंबडीच्या श्वासनळीचं आतलं अस्तर खराब करतो. मग साधी सर्दीही आत शिरते आणि हटत नाही. एक कोंबडी आजारी असेल तर कोंदट जागेत सगळ्यांना लागायला वेळ लागत नाही. इथं एक स्पष्ट सांगतो. हवा चांगली ठेवली म्हणून मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस चुकवायची नाही. लसीच्या जागी लस, हवेच्या जागी हवा.

उन्हाळ्यात वेगळाच त्रास. कोंबडीला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथीच नाहीत तिला. अंगाचं तापमान मुळात ४१-४२ अंश. उकडलं की ती चोच उघडून धापते, पंख अंगापासून लांब धरते, तुऱ्यातून आणि पायांतून उष्णता बाहेर टाकते. पण भोवतालची हवाच हलत नसेल तर ती उष्णता जाणार कुठं? काठीवर दाटीनं बसलेल्या कोंबड्या मग एकमेकींनाच तापवतात.

आणि हिवाळ्यात आपण काय करतो? थंडी लागेल म्हणून प्लास्टिकचा कागद, बारदाना, जुनी साडी, सगळं लावून खुराडं गच्च बंद करतो. भावना चांगली आहे. पण मोठ्या, पिसं भरलेल्या कोंबडीच्या अंगावर तिची स्वतःची रजई असते. कोरड्या थंडीचं तिला आपल्या इथं फार काही होत नाही. ओल्या थंडीचं होतं. पहाटे टिनाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, की समजा रात्रभराची वाफ आतच राहिली. तेच थेंब खाली पडतात, खालचं कुटार ओलं होतं, बुरशी येते, रक्ती हगवणीला आमंत्रण मिळतं.

मग करायचं काय? हवा हवी, पण थंडीत अंगावर झोत नको. गरम आणि वाफेची हवा वर चढते. म्हणून तिला वरून बाहेर जायला कायमची वाट द्यायची, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर. ही वाट बारा महिने उघडी. पावसातही, थंडीतही. खालच्या खिडक्या मात्र ऋतूप्रमाणे उघड-झाक करायच्या.

दहा कोंबड्यांचं खुराडं, मापासहित

आता लिहून घ्या. जागा ५ फूट लांब, ४ फूट रुंद. दिवसा कोंबड्या मोकळ्या सुटणार असतील तर दहांना एवढी पुरते. दिवसभर कोंडणार असाल तर मात्र ही फार कमी आहे.

लांबी पूर्व-पश्चिम धरा. म्हणजे लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला येतात, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड भिंतींवर पडतं. आपल्या जिल्ह्यात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन दक्षिणेच्या जाळीतून आत येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा तेच ऊन आत येतं आणि खालचं कुटार वाळवतं. फुकटचं काम होतं.

दक्षिण बाजू: जमिनीपासून दीड फूट भिंत, त्यावर थेट छपरापर्यंत जाळी. छपराची उंची इथं ६ फूट.

उत्तर बाजू: ४ फुटांपर्यंत भिंत, आणि वर छपरापर्यंत एक फूट जाळीची पट्टी. छपराची उंची इथं ५ फूट. दोन फुटांच्या काठीवर बसलेल्या कोंबडीचं डोकं सव्वातीन-साडेतीन फुटांवर येतं. म्हणजे उत्तरेचा गार वारा पट्टीतून आला तरी डोक्यावरून निघून जातो.

काठ्या दोन, प्रत्येकी ५ फूट, उत्तरेच्या भिंतीकडे. पहिली भिंतीपासून एक फुटावर, दुसरी तिच्यापुढे सव्वा फुटावर. समोर पावणेदोन फूट मोकळी जागा राहते, झाडायला आणि अंडी काढायला.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी घ्या. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला, मुंगसाला बाहेर ठेवेलच असं नाही. बोथ्याच्या घाटाकडची, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेची गावं असतील त्यांनी तर जाळी आणि कडी यात काटकसर करूच नये. वरच्या पट्टीलाही जाळी हवी. मांजर तिथूनच येतं.

छप्पर चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढा. पावसाळी वारा आपल्याकडे नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेची भिंत पूर्ण ठेवा आणि दक्षिणेच्या जाळीला पडदा लावा.

आता पडद्याची गंमत ऐका. आपण पडदा वर बांधतो आणि खाली सोडतो. म्हणजे तो वरपासून झाकत येतो. खुराड्याला उलटं पाहिजे. पडद्याची खालची कड भिंतीला पक्की करा, आणि दोरीनं तो खालून वर ओढा. मोठ्या पोल्ट्रीत असंच असतं. कितीही ओढला तरी वरची फूटभर जागा शेवटपर्यंत उघडी राहते. अंगावरचा वारा अडतो, वाफ निघून जाते.

घाटावरच्यांना एवढं पुरेल. घाटाखालच्यांनी तीन बदल करा. एक, उत्तरेच्या भिंतीत काठीच्या उंचीला जाळीची मोठी खिडकी ठेवा आणि तिला झडप लावा. होळीला झडप उघडायची, दिवाळीनंतर बंद करायची. उन्हाळ्यात दक्षिण-उत्तर आरपार हवा थेट पक्ष्यांच्या अंगावरून जाऊ द्या, तेव्हा झोतच हवा असतो. दोन, छप्पर एक फूट आणखी उंच घ्या. तापलेलं टीन कोंबडीपासून जितकं लांब तितकं चांगलं. तीन, टिनावर पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा वीतभर थर टाकून बांधा, किंवा निदान चुन्याचे दोन हात द्या. कोंबड्या आत जातात सात वाजता, आणि तेव्हा टीन अजून गरमच असतं. सहा वाजता छपरावर पाणी मारा, दार उघडं ठेवा, मग कोंबड्या घ्या. ओलं गोणपाट लावायचं तर वारा ज्या बाजूनं येतो तिथंच, आणि समोरची बाजू उघडी असेल तरच. कोंडलेल्या जागेत ओलं गोणपाट म्हणजे नुसती दमट भट्टी.

आधीच बंद डबा बांधून झाला असेल तर तो पाडायची गरज नाही. उत्तरेच्या भिंतीतला छपराखालचा विटांचा एक थर काढा, दक्षिणेला मोठी खिडकी फोडा, दोन्हीकडे जाळी ठोका. एका दिवसाचं काम आहे.

चार तपासण्या, खर्च शून्य

पहिली, नाकाची. पहाटे दार उघडल्याबरोबर आत वाका, तोंड काठीच्या उंचीला आणा आणि दोन-चार श्वास घ्या. वास झोंबला तर हवा कमी आहे. दार उघडून दहा मिनिटांनी वास घेऊन उपयोग नाही.

दुसरी, अगरबत्तीची. संध्याकाळी कोंबड्या आत जायच्या आधी काठीजवळ पेटलेली अगरबत्ती धरा आणि मोबाइलवर धुराचा व्हिडिओ घ्या. धूर सावकाश वर चढून पट्टीतून बाहेर गेला तर उत्तम. तिथंच घुटमळला तर हवा अडलीय. हिवाळ्यात काठीपाशीच धूर आडवा पळाला तर झोत लागतोय, पडदा थोडा वर घ्या. अगरबत्ती विझवून बाहेर आणा, खाली कुटार असतं.

तिसरी, मुठीची. काठीखालचं कुटार किंवा भुसा मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. सुटून पडला तर ठीक. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा खालीवर करा, कोरडं टाका. काठीखाली जुना पत्रा ठेवला तर आणखी सोपं. दोन-तीन दिवसांनी पत्रा उचलायचा आणि उकिरड्यात रिकामा करायचा. निम्मी ओल तिथंच संपते. ते खत मात्र कुजल्याशिवाय पिकाला घालू नका, मुळं जळतात.

चौथी, रात्रीची. मे महिन्यात रात्री दहा वाजता मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. कोंबड्या चोच उघडून धापत असतील तर तुमचं खुराडं नापास. दार उघडून जाळीचा आडोसा द्या, गार पाणी ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी खिडकी फोडा. त्याच टॉर्चनं काठीची खालची बाजू आणि खाचा बघा. गोचीड तेव्हाच सापडतात. सापडले तर काठ्या बाहेर काढा, भेगा बुजवा, भिंतींना चुना द्या, आणि औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच आणा. शेतातलं फवारणीचं औषध खुराड्यात मारू नका. पक्षी मरतात आणि अंड्यातूनही ते आपल्या पोटात येऊ शकतं.

अजून माहिती हवी असेल तर जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, एक बुलढाण्याला, एक जळगाव जामोदला. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. जाताना खुराड्याचे फोटो आणि तो धुराचा व्हिडिओ घेऊन जा, दाखवून विचारलेलं बरं.

शेवटचं

परसातल्या कोंबड्या बहुतेक घरांत आईच्या, आजीच्या असतात. अंड्यांचे पैसे त्यांच्या हातात राहतात. कुणाची वही, कुणाचं एसटीचं भाडं, कुणाचा दवाखाना त्यातून निघतो. एका उकाड्याच्या रात्रीत पाच कोंबड्या गेल्या तर त्याची नोंद कुठल्या पंचनाम्यात होत नाही. घरातली बाई गप्प राहते आणि परत पिल्लं घेते. तुमच्यापैकी बरेच जण शिकायला, नोकरीला पुण्यात नाहीतर संभाजीनगरला असाल. पुढच्या वेळी गावाला गेलात की एक पहाट खुराड्यापाशी घालवा. नाक आत घाला. हातोडी, जाळी आणि एक दुपार, एवढ्यात पुष्कळ काही सुधारतं.

आपल्याकडे म्हणतात, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. खरंय. पण उजाडेपर्यंत त्या कोंबड्याला श्वास घेता आला पाहिजे, तेवढी फट ठेवा.

तुमचं खुराडं घाटावर आहे की घाटाखाली, काठी कशाची आहे आणि अगरबत्तीचा धूर कुठं गेला, ते जरूर कळवा. पुढच्या भागात बोलू पिल्लांच्या पहिल्या पंधरा दिवसांबद्दल. तोवर काळजी घ्या. राम राम!